वेगवेगळ्या होड्या, एकच शर्यत: छोट्या सेलिंग क्लबने हँडिकॅप कसा लावावा

शिडाच्या होड्यांच्या छोट्या क्लबात एकाच जातीच्या दहा होड्या क्वचितच असतात. कोणाकडे हलकी डिंगी असते, कोणाकडे घरच्यांना घेऊन दोन रात्री काढता येतील अशी जड क्रूझर, तर कोणाकडे जपून ठेवलेली जुनी लाकडी होडी. सगळ्या एका रेषेवरून सोडल्या तर पहिली कोण येणार हे किनाऱ्यावरच ठरलेलं असतं. मग मागे राहणारे हळूहळू शर्यतीला यायचे बंद होतात आणि मोसमाच्या शेवटी स्टार्टला चारच होड्या उरतात. हँडिकॅप, म्हणजे कमी-जास्त वेगाच्या होड्यांना बरोबरीत आणणारी वेळेची सवलत, नीट लावला तर हीच माणसं टिकतात, म्हणून हे काम मनापासून करण्यासारखं आहे. शर्यतींची जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्यांसाठी आणि निकालाच्या कागदावरचे आकडे समजून घ्यायचे असलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

प्रश्न जुनाच आहे. 1851 मध्ये इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटाभोवती झालेल्या ज्या शर्यतीतून पुढे अमेरिकाज कप उभा राहिला, तिच्यात वेळेची सवलत नव्हती. ‘अमेरिका’ नावाची होडी पहिली आली आणि तिच्यामागून काही मिनिटांनी तिच्या निम्म्याहूनही लहान असलेली ‘ऑरोरा’ आली. सवलत असती तर काय झालं असतं, यावर लोक अजून वाद घालतात. आज ऑस्ट्रेलियातल्या सिडनी-होबार्टसारख्या शर्यतीत दोन मान वेगळे ठेवले जातात. रेषा सर्वांत आधी ओलांडणाऱ्या होडीला लाइन ऑनर्स मिळतात, पण टॅटरसॉल कप हा मुख्य करंडक हँडिकॅप लावल्यानंतरच्या वेळेवर दिला जातो.

पहिलं काम: काय समान करायचं ते ठरवा

बहुतेक क्लबांतली भांडणं इथूनच सुरू होतात, कारण हा निर्णय कोणी घेतलेलाच नसतो. हँडिकॅप दोन प्रकारचा असतो. पहिला होडीचा. होडी चांगल्या शिडांनिशी, चांगल्या हातात असती तर किती वेगाने गेली असती, तेवढंच तो मोजतो. त्यात जिंकतो तो त्या दिवशी सर्वांत चांगलं सेलिंग करणारा, आणि दर आठवड्याला तोच जिंकत असेल तर ते योग्यच आहे. दुसरा प्रकार होडी आणि तिच्यावरची माणसं मिळून धरतो. तुम्ही जिंकलात की तुमचा आकडा कडक होतो, म्हणजे सवलत घटते, मागे राहिलात की सैल होतो. त्यात जिंकतो तो स्वतःच्या नेहमीच्या कामगिरीपेक्षा वर उठणारा.

दोन्ही न्याय्य आहेत, पण एकाच करंडकासाठी दोन्ही मिसळले की अन्याय होतो. ‘होडीचा आकडा’ म्हणून जाहीर केलेली संख्या समितीने ‘तो फार जिंकतोय’ म्हणून मोसमाच्या मध्यात बदलली, तर नवी शिडं न घेता नुसत्या सरावाने सुधारलेल्या माणसाला त्याच्या सरावाची शिक्षा होते. माझं ठाम मत असं की एकाच शर्यतीचे दोन निकाल काढावेत: एक होडीच्या स्थिर आकड्यावर, एक बदलत्या वैयक्तिक आकड्यावर. फिनिशच्या वेळा त्याच असतात, फक्त तक्त्यात एक रकाना वाढतो. पहिल्या यादीत अनुभवी लोकांना त्यांचं श्रेय मिळतं आणि दुसरीत नवख्यांना बक्षिसाची खरी आशा राहते.

होड्यांची नोंद करा

प्रत्येक होडीचा एक कागद भरून घ्या: जात आणि मॉडेल, शीड क्रमांक, एकूण लांबी, पाणरेषेची लांबी, वजन, मेनसेल (मुख्य शीड) आणि जिबचा (पुढच्या शिडाचा) आकार, स्पिनेकर (वाऱ्यासोबत जाताना लावायचं फुगणारं शीड) आहे का आणि कसला, प्रोपेलर स्थिर तीन पात्यांचा की मिटणारा, कीलचा (तळाखालच्या जड पात्याचा) प्रकार, शिडं कापडी डॅक्रॉनची की लॅमिनेटची.

हे सगळं विचारायला कारण आहे. पाणी कापत जाणाऱ्या जड होडीचा कमाल वेग मुख्यतः पाणरेषेच्या लांबीवर ठरतो. ढोबळ सूत्र असं की पाणरेषेच्या फुटांचं वर्गमूळ गुणिले 1.34, म्हणजे नॉटमधला (तासाला सागरी मैल) वेग. 25 फूट पाणरेषेला सुमारे 6.7 नॉट, 36 फुटांना सुमारे 8. त्यामुळे जोराच्या वाऱ्यात लहान क्रूझरवर कितीही कुशल क्रू असला तरी ही भिंत ओलांडणं अवघडच. हलक्या डिंगीचं गणित निराळं, कारण पुरेसा वारा मिळाला की ती पाण्यावर उचलली जाते, प्लेन करते, आणि हे सूत्र तिला लागू राहत नाही. प्रोपेलरचंही तसंच. स्थिर प्रोपेलर पूर्ण शर्यतभर पाणी ओढत राहतो आणि मंद वाऱ्यात त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून अनेक पद्धतींत त्याला मैलामागे काही सेकंदांची सवलत देतात.

स्पिनेकर वापरणारे आणि न वापरणारे यांचे शक्यतो दोन गट करा. आकड्याने हा फरक भरून काढता येतो, पण कोर्समध्ये, म्हणजे शर्यतीच्या ठरलेल्या मार्गात, वाऱ्यासोबतचा भाग किती आहे त्यावर फरकाची किंमत बदलते, आणि एकच आकडा सगळ्या कोर्सना पुरत नाही.

तयार पद्धत घ्या, नवी शोधू नका

डिंग्यांसाठी पोर्ट्समथ यार्डस्टिक सर्वांत सोपी. ब्रिटनची रॉयल यॉटिंग असोसिएशन क्लबांकडून आलेल्या निकालांवरून दरवर्षी आकड्यांची यादी काढते. आकडा जितका लहान तितकी होडी वेगवान. 1000 ची होडी जे अंतर 1000 सेकंदांत कापते तेच 1100 ची होडी 1100 सेकंदांत कापेल, एवढाच त्याचा अर्थ. हे आकडे ब्रिटनच्या पाण्यावरचे आहेत हे मात्र लक्षात ठेवा. तुमच्याकडे वारा नेहमी मंद असेल किंवा समुद्र खवळलेला असेल तर ते सुरुवात म्हणून घ्या आणि पुढे आपल्या निकालांवरून सुधारा. रॉयल यॉटिंग असोसिएशन स्वतःही क्लबांना हेच सांगते.

उत्तर अमेरिकेत क्रूझर आणि छोट्या कीलबोटींसाठी पीएचआरएफ चालते. तिच्यात आकडा म्हणजे एका सागरी मैलामागे किती सेकंदांची सवलत, म्हणजे 180 ची होडी 120 च्या होडीपेक्षा मैलाला 60 सेकंद मंद धरलेली. हे आकडे मोजमापापेक्षा निरीक्षणावर आणि स्थानिक समितीच्या निर्णयावर ठरतात, त्यामुळे समिती किती सचोटीची आहे यावरच सगळं अवलंबून असतं.

मोजमापावर चालणाऱ्या पद्धतींत आयआरसी आणि ओआरसी या दोन मोठ्या. आयआरसीचं सूत्र गुप्त ठेवलेलं आहे, जेणेकरून कोणी सूत्रातल्या फटी शोधून होडी बांधू नये. ओआरसीचं उघड आहे. संगणकावर होडीचा वेग वेगवेगळ्या वाऱ्यांत आणि कोनांत वर्तवून ती आकडा काढते, आणि या पद्धतीची मुळं 1970 च्या दशकात एमआयटीत झालेल्या संशोधनात आहेत. दोन्हींत प्रमाणपत्रासाठी शुल्क आणि मोजणी लागते. फावल्या वेळातल्या क्लब शर्यतीला एवढं लागत नाही. सगळ्यांकडे आधीच प्रमाणपत्रं असतील तरच तिकडे वळा. कॅटमरान असतील तर त्यांच्यासाठी वेगळ्या पद्धती आहेत, त्यांना एकाच सांगाड्याच्या होड्यांच्या यादीत कोंबू नका.

एखादी होडी कुठल्याच यादीत नसेल तर लांबी, वजन आणि शिडांचं क्षेत्रफळ या तिन्हींत तिच्याजवळ बसणाऱ्या दोन होड्या शोधा, त्यांच्या आकड्यांमधला आकडा द्या आणि त्यापुढे ‘तात्पुरता’ असं लिहा. शंका असेल तर किंचित कडक बाजूला ठेवा. नंतर सवलत वाढवली तर कोणी रागावत नाही, काढून घेतली तर सगळा क्लब बोलतो.

सवलत वेळेवर की अंतरावर?

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण निकालांबद्दलच्या बऱ्याच तक्रारींचं उत्तर यात आहे.

अंतरावरच्या सवलतीत कोर्सची लांबी गुणिले मैलामागचे सेकंद एवढी सूट मिळते. वरच्या 120 आणि 180 च्या होड्या 6 मैलांच्या कोर्सवर सोडल्या तर फरक 6 मिनिटांचा. वारा असो वा नसो, शर्यत एका तासात संपो की दोन तासांत, 6 म्हणजे 6.

वेळेवरच्या सवलतीत प्रत्येक होडीच्या वेळेला एका गुणकाने गुणतात, म्हणून शर्यत लांबली की सवलतही वाढते. पीएचआरएफचा आकडा असा वापरायचा तर प्रचलित सूत्र आहे: 650 भागिले, 550 अधिक होडीचा आकडा. 120 ला 0.970 आणि 180 ला 0.890 येतात. वेगवान होडी 60 मिनिटांत आली तर मंद होडीला बरोबरीसाठी 5 मिनिटं 22 सेकंद मिळतात. वेगवान होडीला 120 मिनिटं लागली तर मिळतात 10 मिनिटं 45 सेकंद.

मंद वाऱ्यात होड्यांमधलं अंतर खरोखरच वाढतं, त्यामुळे वेळेवरची सवलत बहुधा वस्तुस्थितीच्या जवळ जाते. शिवाय कोर्सची अचूक लांबी मोजावी लागत नाही. वळणाच्या खुणेचा बोया थोडा सरकला किंवा वारा फिरला म्हणून कोर्स बदलला तरी गणित मोडत नाही. छोट्या क्लबने हीच घ्यावी असं मी सांगेन. तिची दुखरी बाजू अशी की वारा पूर्ण पडून सगळ्या होड्या अर्धा तास एकाच जागी उभ्या राहिल्या, तर त्या अर्ध्या तासाचीही सवलत मंद होडीला मिळते, आणि ती तिने कमावलेली नसते. भरती-ओहोटीचा जोराचा प्रवाह असेल तिथे दोन्ही पद्धती डळमळतात.

घड्याळ आणि कागद

हँडिकॅपच्या शर्यतीत प्रत्येक होडीची फिनिशची वेळ सेकंदापर्यंत लागते. स्टॉपवॉचवर विसंबू नका, चुकून बटण दाबलं गेलं की शर्यत हातची गेली. दिवसाची खरी वेळ दाखवणारं घड्याळ वापरा आणि स्टार्टच्या संकेताची वेळ कागदावर लिहून ठेवा. दोन माणसं हवीत. एक रेषेवर नजर ठेवून होडी ओलांडताक्षणी ‘आली’ म्हणतो आणि शीड क्रमांक मोठ्याने सांगतो, दुसरा घड्याळ पाहून लिहितो. सोबत फोनवर आवाजाचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. चार होड्या वीस सेकंदांत एकमेकींना झाकत येतात तेव्हा लिहिणाऱ्याचा हात मागे पडतोच. मग संध्याकाळी तेच रेकॉर्डिंग ऐकून रकाने भरता येतात.

वेळ मोजायची ती त्या होडीच्या गटाच्या स्टार्ट संकेतापासून. ती स्टार्टची रेषा दोन मिनिटं उशिरा ओलांडत असेल तर तो तिचा तोटा.

गणित, एका शर्यतीवरून

पोर्ट्समथ पद्धतीत सुधारित वेळ म्हणजे प्रत्यक्ष सेकंद गुणिले 1000 भागिले होडीचा आकडा. समजा तीन होड्या आहेत.

क: आकडा 1050, वेळ 58 मिनिटं 30 सेकंद, म्हणजे 3510 सेकंद. सुधारित 3343.
ख: आकडा 1120, वेळ 61 मिनिटं 50 सेकंद, म्हणजे 3710 सेकंद. सुधारित 3313.
ग: आकडा 1380, वेळ 77 मिनिटं 12 सेकंद, म्हणजे 4632 सेकंद. सुधारित 3357.

क पाण्यावर 3 मिनिटं 20 सेकंद आधी आली, पण शर्यत ख ने जिंकली. ग सर्वांत शेवटी आली, तरी ख पासून तिचं सुधारित अंतर फक्त 44 सेकंदांचं आहे. हे तिच्या स्वतःच्या घड्याळात बदलायचं तर 44 ला 1.38 ने गुणा, सुमारे 61 सेकंद येतात. सव्वा तासाच्या शर्यतीत एक मिनिट! एक फसलेला टॅक (वाऱ्याविरुद्ध जाताना बाजू बदलायचं वळण) आणि मार्कला (वळणाच्या बोयाला) थोडा जास्त वळसा घेतला की तेवढं जातं. नवख्यांना मी हा हिशेब आवर्जून करायला सांगतो. ‘आपण शेवटचे आलो’ यापेक्षा ‘आपण 61 सेकंदांनी हुकलो’ हे कळलं की पुढच्या रविवारी काय सुधारायचं ते दिसतं.

मंद होड्यांना सगळ्या फेऱ्या पूर्ण होईपर्यंत पाण्यावर ठेवायचं नसेल तर सरासरी फेरीचा हिशेब करा. वेगवान होडीने 4 फेऱ्या केल्या आणि मंद होडीने 4500 सेकंदांत 3, तर मंद होडीची वेळ 4500 गुणिले 4 भागिले 3, म्हणजे 6000 सेकंद धरायची आणि मग आकडा लावायचा. अट एकच, की प्रत्येक फेरी सारख्या लांबीची हवी. स्टार्टपासून पहिल्या मार्कपर्यंतचा तुकडा लांबलचक असेल तर हा हिशेब चुकतो.

कोर्सही न्यायाचा भाग आहे

आकडा कितीही अचूक असो, कोर्स एकाच बाजूचा असेल तर निकाल वाकडाच लागतो. हे आकडे वाऱ्याविरुद्ध, वाऱ्यासोबत आणि आडव्या वाऱ्याने अशा मिश्र सेलिंगवरून आलेले असतात. नुसत्या आडव्या वाऱ्याने जाऊन परत येण्याचा कोर्स ठेवला तर लांब पाणरेषेच्या होड्या आणि प्लेन करणाऱ्या डिंग्या पळतात, कारण टॅक करावाच लागत नाही आणि कौशल्याला वाव उरत नाही. म्हणून पहिला टप्पा वाऱ्याविरुद्धच ठेवा.

स्टार्टची रेषा पुरेशी लांब हवी. मोठ्या होड्यांच्या सावलीत, म्हणजे त्यांच्या शिडांनी खराब केलेल्या वाऱ्यात अडकलेल्या छोट्या होडीला कुठलाच आकडा भरपाई देत नाही. संख्या पुरेशी असेल तर वेगवान आणि मंद असे दोन स्टार्ट पाच मिनिटांच्या फरकाने द्या. आकड्यांमधला फरकही आवरा. 950 आणि 1600 एका गटात असतील तर त्या दोघींना शर्यतीत एकच वारा मिळेल याची शाश्वती राहत नाही. एक परतते तेव्हा दुसरी अजून अर्ध्या वाटेवर असते आणि तोवर वारा बदललेला असतो.

वैयक्तिक आकडा कसा हलवायचा

शर्यतीनंतर सगळ्या सुधारित वेळांची मधली वेळ घ्या. वरच्या उदाहरणात ती क ची, 3343. आता प्रत्येक होडीला विचारा: या मधल्या वेळेशी बरोबरी व्हायला तिचा आकडा किती हवा होता? ख साठी 3710 गुणिले 1000 भागिले 3343, म्हणजे 1110. ग साठी 1386. जुन्या आकड्यापासून या नव्या आकड्याकडे पूर्ण उडी न मारता पाचवा हिस्सा सरका. ख 1120 वरून 1118 वर येते, ग 1380 वरून 1381 वर जाते, क जागेवरच राहते.

पाचवा हिस्सा थोडा वाटेल, पण मोसमात दहा-बारा शर्यती झाल्या की तो पुरतो. अर्धा हिस्सा घेतला तर एका नशिबाच्या वाऱ्याने आकडा इतका हलतो की पुढच्या तीन शर्यती त्याची भरपाई करण्यात जातात. सुकाणू तुटलं, होडी वाळूत रुतली, कोणाच्या मदतीला थांबली, असे निकाल या हिशेबातून वगळा. मुद्दाम सावकाश येऊन आकडा सैल करून घेणारे निघतात. त्यावर साधा उपाय म्हणजे वेगवान निकालाला पाचवा हिस्सा आणि मंद निकालाला दहावा हिस्सा द्यायचा, आणि आकडा मूळ यादीपासून किती दूर जाऊ शकेल याची मर्यादा आधीच ठरवायची.

होडीचा स्थिर आकडा मात्र मोसम संपेपर्यंत हलवू नका, होडीत खरोखर बदल झाला असेल तरच अपवाद करा: नवा प्रोपेलर, मोठी जिब, स्पिनेकर. माणूस बदलला, सराव वाढला, तळ घासून शेवाळ काढलं, ही कारणं त्यात येत नाहीत.

लेखी ठेवा

शर्यतीच्या सूचनापत्रात, म्हणजे नोटीस ऑफ रेसमध्ये, या गोष्टी स्पष्ट लिहा: कोणती पद्धत, वेळेवर की अंतरावर, आकडे कोणत्या तारखेच्या यादीतले, तात्पुरत्या आकड्याचं काय, वैयक्तिक आकडा केव्हा आणि कोणत्या सूत्राने बदलेल, बरोबरी झाली तर काय. वर्ल्ड सेलिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रेसिंग रूल्स ऑफ सेलिंगमध्ये गुण देण्याची पद्धत तयार आहे: पहिल्याला 1, दुसऱ्याला 2, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो मालिका जिंकतो. हँडिकॅप असेल तिथे हा क्रम सुधारित वेळेवरून लावतात. नियम दर चार वर्षांनी नवे येतात, म्हणून चालू आवृत्तीच हाताशी ठेवा.

निकालाच्या कागदावर आकडा, प्रत्यक्ष वेळ आणि सुधारित वेळ हे तिन्ही रकाने छापा. कोणालाही घरी बसून पडताळा घेता आला पाहिजे. आकड्याबद्दल तक्रार आली तर ती लेखी घ्या आणि किमान पाच-सहा शर्यतींचे निकाल समोर ठेवूनच पाहा. ज्याची होडी चर्चेत आहे त्या सदस्याने त्या वेळी समितीत मत देऊ नये.

गणित नको असेल त्या दिवशी

पाठलागाची शर्यत ठेवा. सर्वांत मंद होडी आधी सुटते, वेगवान होड्या आपापल्या आकड्याप्रमाणे उशिरा, आणि ठरलेल्या वेळेला जी पुढे असेल ती जिंकली. 90 मिनिटांच्या शर्यतीत 1380 ची होडी शून्यावर सुटेल. 1120 ची होडी 90 गुणिले 1120 भागिले 1380, म्हणजे सुमारे 73 मिनिटं सेलिंग करेल, म्हणून 17 मिनिटांनी सुटेल. 1050 ची साडेएकवीस मिनिटांनी. सुटण्याच्या वेळांचा तक्ता आदल्या दिवशीच सगळ्यांना द्या आणि समितीच्या बोटीवर मोठं घड्याळ लावा. शेवटचा शिट्टीचा क्षण जवळ आला की सगळ्या होड्या एका ठिकाणी गोळा होतात. त्या वेळी एकच बोट सगळ्यांचा क्रम टिपू शकत नाही, म्हणून दुसरी छोटी बोट मागच्या बाजूने, शेवटच्या होडीपासून पुढे येत नोंद करत यायला हवी.